एकाच पिंपाची गोष्ट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी आयुष्यातली एकतीस वर्षे एका सहकारी साखर कारखान्याच्या आसवनीत, म्हणजे डिस्टिलरीत, रसायनतज्ज्ञ म्हणून काढली. आमचे काम थोडक्यात असे: उसाच्या मळीपासून स्पिरिट तयार करायचे आणि आजचा टँकर कालच्या टँकरसारखाच निघाला पाहिजे, हे बघायचे. थोडा जरी फरक पडला तरी प्रयोगशाळेला जाब द्यावा लागे. त्यामुळे 'फरक' या शब्दाचीच मला धास्ती होती. आज मी तुम्हाला अशा एका वस्तूविषयी सांगणार आहे, जिची किंमतच मुळी फरकावर ठरते. ती वस्तू म्हणजे अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली 'सिंगल बॅरल बर्बन' व्हिस्की.

विषय दारूचा म्हटल्यावर काही भुवया वर जातील, याची मला कल्पना आहे. म्हणून आधीच सांगतो. मी कुणाला प्यायला लावायला आलेलो नाही. जे घेत नाहीत त्यांनी हे ऐकून सुरू करण्याचे काहीच कारण नाही. पण आज अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. जाणे-येणे होते, भेट म्हणून बाटल्या येतात, विमानतळावर विकत घेतल्या जातात. पैसे कशाचे मोजले आणि बाटलीत नेमके काय आहे, हे घेणाऱ्याला कळावे, एवढाच हेतू.

'ही ती नव्हे!'

माझी मुलगी आणि जावई केंटकीतल्या लुईव्हिल शहरात राहतात. आम्ही दोघे पहिल्यांदा तिकडे गेलो, तेव्हा परत येताना जावयाने एक बाटली सामानात ठेवली. म्हणाला, ''बाबा, ही नेहमीची नाही. अण्णाकाकांबरोबर उघडा.''

अण्णा म्हणजे आसवनीतले माझे वरिष्ठ सहकारी. त्यांचे नाक असे, की आंबवणाच्या टाकीवर नुसते वाकून ते सांगत, ''आत काहीतरी बिघडलंय, तपासा.'' आणि तपासले की ते खरे निघे. निवृत्तीनंतर आम्ही महिन्यातून एकदा भेटत असू. त्या बाटलीतला पहिला घोट घेऊन अण्णा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ''अरे, यात गुळाच्या पाकाचा वास आहे. आणि मागून दालचिनी येतेय. आपण जन्मभर केलं, त्याला असा वास कधी आला होता का?''

तो हिवाळा त्या बाटलीवर गेला. तळाशी चार बोटे उरली, ती मी खास प्रसंगासाठी कपाटात ठेवली. दोन वर्षांनी पुन्हा अमेरिकेला गेलो, तेव्हा तीच बाटली आणली. तेच नाव, तेच लेबल, तेच बूच. अण्णांनी घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. ''ही ती नव्हे. तुला कुणीतरी फसवलं.''

मलाही चव वेगळी लागली होती. गुळाचा पाक नव्हताच. त्याऐवजी मिरीसारखी तिखट चव आणि सुक्या लाकडाचा वास. आयुष्यभराची सवय जात नाही. दुसऱ्या दिवशी हायड्रोमीटर काढला आणि तीव्रता मोजली. ती लेबलावर छापल्याप्रमाणेच होती, म्हणजे पाणी घातलेले नव्हते. मग चष्मा लावून दोन्ही बाटल्यांची लेबले शेजारी शेजारी धरली. सगळे अगदी सारखे होते, फक्त एका कोपऱ्यात शाईने लिहिलेला आकडा वेगळा होता. तो पिंपाचा क्रमांक होता. आम्हाला कुणी फसवले नव्हते. ती व्हिस्की दुसऱ्या पिंपातली होती, एवढेच.

एका पिंपाने एवढा फरक कसा पडतो? ते समजण्यासाठी आधी बर्बन म्हणजे काय, ते पाहू.

मक्याची व्हिस्की

आपल्याकडच्या पुष्कळशा स्वस्त व्हिस्कीचा पाया मळीपासून काढलेले स्पिरिट हाच असतो. ते इतके शुद्ध केलेले असते, की त्याला स्वतःची चव जवळजवळ राहत नाही. मग त्यात थोडी माल्ट व्हिस्की, रंग, स्वाद मिसळले जातात. आमच्या टँकरमधला माल पुढे कुठे जातो, ते आम्हाला ठाऊक होतेच. युरोप-अमेरिकेत व्हिस्की धान्यापासूनच करावी लागते.

बर्बनचे नियम तर अमेरिकेच्या संघराज्य कायद्यातच बांधून दिले आहेत. धान्यात निदान ५१ टक्के मका हवा. ऊर्ध्वपातन ८० टक्के अल्कोहोलच्या वर न्यायचे नाही, कारण त्याहून शुद्ध केले तर धान्याची चव निघून जाते. पिंपात भरताना तीव्रता ६२.५ टक्क्यांहून जास्त नको. बाटलीत ती ४० टक्क्यांच्या खाली नको. वरून रंग किंवा स्वाद घालायचा नाही, फक्त पाणी चालते. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम म्हणजे ती ओक लाकडाच्या, आतून जाळून कोळसा केलेल्या, कोऱ्या पिंपातच मुरवायची. ४ मे १९६४ रोजी अमेरिकी काँग्रेसने ठराव करून बर्बन हे अमेरिकेचे वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन असल्याचे जाहीर केले.

बर्बन केंटकीतच व्हावी असा काही नियम नाही. अमेरिकेत कुठेही करता येते. पण बहुतेक सगळी तिथेच होते. तिथे मका पिकतो आणि जमिनीखाली चुनखडीचा थर आहे. त्यातून झिरपलेल्या पाण्यात लोह फारसे नसते आणि व्हिस्कीला लोह बाधते. केंटकीची लोकसंख्या सुमारे ४५ लाख आहे आणि गोदामांत मुरत पडलेली पिंपे एक कोटीहून जास्त. म्हणजे दर माणशी दोन पिंपे तरी येतातच!

मक्याबरोबर साधारणपणे राय नावाचे थंड हवेतले धान्य आणि मोड आणून वाळवलेले सातू असतात. राय जास्त असेल तर चव मसालेदार, मिरी-लवंगेकडे झुकणारी. काही जण रायऐवजी गहू घालतात, ती बर्बन मऊ आणि गोडसर लागते. यीस्टचाही वाटा मोठा. 'फोर रोझेस' ही कंपनी धान्याची दोन मिश्रणे आणि यीस्टचे पाच वाण यांच्या जोड्या लावून दहा वेगवेगळ्या बर्बन करते. पण धान्य, यीस्ट, पाणी सगळे तेच ठेवले, तरी दोन पिंपांत फरक पडतोच. त्याचे कारण लाकूड आणि ऊन.

लाकूड आणि ऊन

भट्टीतून निघालेली कोरी व्हिस्की पाण्यासारखी नितळ असते. तिचा सगळा रंग आणि चवीचा बराच मोठा भाग पिंपातून येतो. एका पिंपात ५३ गॅलन, म्हणजे सुमारे २०० लिटर मावते. पिंप आतून जाळले, की लाकडातल्या शर्करेचा पाक होतो, म्हणजे साखर करपू लागल्यावर आपल्या कढईत होते तेच. लाकडातला लिग्निन नावाचा घटक फुटून त्यातून व्हॅनिलाचा वास तयार होतो. ओकमधल्या आणखी काही द्रव्यांना सुक्या खोबऱ्यासारखा वास असतो. अण्णांना आलेला गुळाच्या पाकाचा वास हा असा लाकडातून आलेला होता, उसाचा त्यात काही संबंध नव्हता.

आता ऊन. केंटकीत उन्हाळा कडक आणि हिवाळ्यात बर्फ. पिंपे ठेवायची गोदामे पुष्कळदा सात-सात, नऊ-नऊ मजल्यांची असतात. उन्हाळ्यात पत्र्याखालच्या मजल्यावर पारा चाळिशी ओलांडतो, तळमजल्यावर मात्र गारवा असतो. उष्णतेने व्हिस्की फुगते आणि लाकडाच्या छिद्रांत शिरते. थंडीत आक्रसते आणि लाकडातले रंग-वास घेऊन बाहेर येते. वरच्या मजल्यावर हे जोरात चालते, म्हणून तिथली व्हिस्की लवकर गडद होते. तिच्यातले पाणी जास्त उडते, त्यामुळे वर्षे जातील तशी तीव्रता चक्क वाढते. खालच्या मजल्यावर सगळे सावकाश होते आणि चव सौम्य राहते.

दरवर्षी सुमारे तीन ते पाच टक्के व्हिस्की हवेत उडून जाते. तिकडचे लोक त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. आमच्याकडे याला 'घट' म्हणत आणि तिचा हिशोब उत्पादन शुल्क खात्याला द्यावा लागे! शिवाय प्रत्येक पिंपाची लाकडे वेगळ्या झाडांची. एखादे पिंप खिडकीशी, एखादे मधल्या अंधारात. म्हणून एकाच दिवशी भरलेली दोन पिंपेसुद्धा आठ वर्षांनी सख्ख्या भावंडांसारखी होतात. तोंडावळा एक, पण स्वभाव वेगळे.

जाता जाता एक सांगतो. बर्बनला पिंप कोरेच लागत असल्याने वापरलेले पिंप तिला पुन्हा चालत नाही. मग ही पिंपे जगभर विकली जातात. स्कॉटलंडमधली बरीचशी व्हिस्की त्यांतच मुरते. आणि आपल्या बंगळुरूची 'अमृत' आणि गोव्याची 'पॉल जॉन' या सिंगल माल्टसुद्धा बर्बनच्या जुन्या पिंपांतून येतात. तेव्हा केंटकीचे लाकूड आपल्या दाराशी केव्हाच येऊन पोहोचले आहे.

एक पिंप, एक नाव

नेहमीची बर्बन करताना शेकडो पिंपे एकत्र ओततात. वरच्या मजल्याची तिखट, खालची सौम्य, सगळी मिसळून कंपनीची ठरलेली चव साधतात. हे काम सोपे नाही. दरवर्षी तीच चव द्यायची म्हणजे कसब लागते. आयुष्यभर तेच केल्यामुळे त्यातले कष्ट मला ठाऊक आहेत. म्हणून मिसळलेली ती हलकी, असे कुणी म्हटले तर मला ते पटत नाही.

सिंगल बॅरलमध्ये मिसळण्याचा भाग नाही. चाखून चांगले वाटलेले एकच पिंप रिकामे करायचे, हवे तेवढे पाणी घालायचे आणि बाटल्या भरायच्या. पिंपाचे वय आणि तीव्रता यांप्रमाणे त्यातून दीडशे-दोनशे, फार तर अडीचशे बाटल्या निघतात. त्या संपल्या, की ती चव जगातून संपली.

हा प्रकार बाजारात आणण्याचे श्रेय एल्मर टी. ली यांना देतात. केंटकीतल्या फ्रँकफर्ट गावी आज 'बफेलो ट्रेस' नावाने प्रसिद्ध असलेल्या आसवनीत ते मुख्य आसवनतज्ज्ञ होते. १९८० च्या सुमारास अमेरिकेत बर्बनला वाईट दिवस आले होते. तरुण मंडळी व्होडकाकडे वळली होती आणि बर्बन हे म्हाताऱ्यांचे पेय ठरले होते. ली यांना आपले जुने साहेब कर्नल अल्बर्ट ब्लँटन यांची आठवण झाली. ब्लँटन घरच्या पाहुण्यांसाठी 'एच' नावाच्या गोदामातली निवडक पिंपे बाजूला काढून ठेवत, असे ली सांगत. त्या गोदामाला बाहेरून पत्रा आहे, त्यामुळे ते लवकर तापते आणि लवकर निवते. १९८४ मध्ये ली यांनी 'ब्लँटन्स' या नावाने एकेका पिंपाची बर्बन विकायला काढली. बाटलीच्या बुचावर घोडेस्वार, आणि लेबलावर पिंपाचा क्रमांक, गोदामाचे अक्षर, रिकामे केल्याची तारीख. वस्तू तीच ठेवून, तिच्यातला जो फरक आजवर लपवायचा तोच पुढे मांडायचा, अशी ही कल्पना होती. पुढे इतरही आले. १९९० च्या दशकात 'वाइल्ड टर्की' कंपनीने 'केंटकी स्पिरिट' आणली, 'हेवन हिल'ने 'इव्हान विल्यम्स'ची वर्ष छापलेली सिंगल बॅरल काढली. ली २०१३ मध्ये वारले, तेव्हा त्यांनी सुरू केलेला प्रकार जगभर पोहोचला होता.

विकत घेताना

आता कामाचे बोलू. दुकानात उभे राहिल्यावर काय पाहायचे?

पहिली गोष्ट, 'सिंगल बॅरल' आणि 'स्मॉल बॅच' यांत गल्लत करू नका. स्मॉल बॅच म्हणजे थोड्या पिंपांचे मिश्रण, आणि थोडी म्हणजे किती याची कायद्यात व्याख्याच नाही. कुणाची वीस पिंपे, कुणाची दोनशे. ती वाईट असते असे नाही, पण ती वेगळी वस्तू आहे.

दुसरी गोष्ट, लेबलावर पिंपाची ओळख शोधा. क्रमांक, गोदाम, मजला, तारीख यांपैकी जितके जास्त दिले असेल तितके चांगले. आवडली तर तो क्रमांक वहीत टिपून ठेवा आणि त्याच आठवड्यात त्याच दुकानात जाऊन दुसरी घ्या. एका दुकानात एका पिंपाच्या बाटल्या बहुधा एकदम येतात. मी हे केले नाही, म्हणून अण्णांचे बोलणे खाल्ले.

तिसरी गोष्ट, तीव्रता. अमेरिकेत 'प्रूफ' हा आकडा टक्क्यांच्या दुप्पट असतो. १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के. आपल्याकडच्या व्हिस्कीवर सहसा ४२.८ टक्के असते. 'इव्हान विल्यम्स सिंगल बॅरल' ४३.३ टक्के, 'ब्लँटन्स' ४६.५, 'फोर रोझेस सिंगल बॅरल' ५०, 'केंटकी स्पिरिट' ५०.५. काही बाटल्यांत पाणी अजिबात न घालता पिंपातून निघेल तशी भरतात, ती साठीच्याही पुढे जाते. नवख्याने पहिल्या दोघींच्या आसपास सुरुवात करावी.

चौथी गोष्ट, 'स्ट्रेट' हा शब्द. तो असेल तर व्हिस्की निदान दोन वर्षे मुरलेली आहे आणि चार वर्षांहून कमी असेल तर वय छापणे बंधनकारक आहे. 'बॉटल्ड इन बाँड' असेल तर १८९७ च्या कायद्याप्रमाणे ती एकाच आसवनीत, एकाच हंगामात झालेली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षे मुरलेली आणि नेमकी ५० टक्क्यांची असते. त्या काळी तंबाखूचे पाणी आणि नाही नाही ते घालून व्हिस्की विकत, म्हणून हा कायदा झाला. भेसळ ही काही आपलीच मक्तेदारी नाही!

पाचवी गोष्ट, कुणी केली ते वाचा. 'डिस्टिल्ड बाय' म्हणजे स्वतः गाळलेली. नुसते 'बॉटल्ड बाय' असेल तर दुसऱ्याकडून घेऊन भरलेली असू शकते. पुष्कळ नव्या नावांची व्हिस्की प्रत्यक्षात इंडियाना राज्यातल्या एका मोठ्या आसवनीतून येते. ती चांगली असते, पण मग 'आजोबांच्या गुप्त कृती'च्या गोष्टीला जास्त पैसे देऊ नका.

आणि वय? स्कॉचवरून आपल्या मनात बसले आहे, की जितकी जुनी तितकी उत्तम. बर्बनला कोरे लाकूड आणि कडक ऊन लागते, त्यामुळे पंधरा-वीस वर्षांत ती लाकडाच्या काढ्यासारखी कडू होऊ शकते. सहा ते दहा वर्षांची बहुधा गोळीबंद असते.

किमतीचे म्हणाल, तर अमेरिकेत चाळीस-पन्नास डॉलरच्या आसपास उत्तम सिंगल बॅरल मिळते. काही नावांभोवती मात्र वेड लागल्यासारखे झाले आहे. कंपनीने सुचवलेल्या किमतीच्या दुप्पट-तिप्पट मोजून लोक बाटल्या घेतात आणि न उघडता कपाटात लावून ठेवतात. त्या वाटेला जाऊ नये. लुईव्हिलच्या एका दुकानदाराने मला उलट सल्ला दिला. तो म्हणाला, नावाच्या मागे धावू नका, आमच्या दुकानाने स्वतः निवडलेले पिंप घ्या. तिथली चांगली दुकाने आसवनीत जाऊन तीन-चार पिंपांचे नमुने चाखतात आणि त्यांतले एक सबंध विकत घेतात. त्या बाटल्यांवर दुकानाचे नाव असते आणि किंमत वाजवी असते. दुकानदाराची जीभ आणि तुमची जीभ जुळली, की काम झाले.

भारतात आयात शुल्कामुळे ही व्हिस्की महाग पडते. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने बर्बनवरचे शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले. पण त्यावर राज्याचे कर असतातच. परदेशातून येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते. मात्र ७० टक्क्यांहून जास्त तीव्रतेची बाटली विमानात चालत नाही, हे ध्यानात ठेवा.

आस्वाद घेताना

आपल्याकडे दारू पिण्याची एक घाई असते. दार लावायचे, भराभर घ्यायची, वर तिखट चकणा. अशा घाईत पिंपाचा क्रमांक काय कामाचा?

पेला तोंडाशी निमुळता असावा, म्हणजे वास टिकतो. तसा नसेल तर वाइनचा छोटा ग्लास चालेल. अर्धा पेग, म्हणजे ३० मिलिलिटरहूनही कमी ओता आणि पाच-दहा मिनिटे ठेवा. नाक पेल्यात खुपसू नका, अल्कोहोल झणझणते. तोंड किंचित उघडे ठेवून वरवर वास घ्या. चवीचा मोठा भाग नाकाचाच असतो. पहिला घोट अगदी लहान, जीभ सरावण्यासाठी. त्यावरून मत बनवू नका. दुसऱ्या घोटाला खरी चव कळते.

मग चमच्याने थोडे थोडे पाणी घाला. पाण्याने व्हिस्की बिघडते, हा गैरसमज आहे. ५० टक्क्यांच्या व्हिस्कीत चमचाभर पाणी घातले, की चटका कमी होतो आणि दडलेले वास वर येतात. बर्फाने उलट होते, वास गोठतात. पण मे महिन्यात एखादा खडा टाकलात तर काही बिघडत नाही. सोडा-कोल्यासाठी साधी बर्बन आणा. ती त्यासाठीच असते.

एक खेळ सुचवतो. शक्य असेल तर एकाच नावाच्या, वेगवेगळ्या पिंपांच्या दोन बाटल्या दोघा मित्रांनी मिळून घ्याव्यात. घरातल्या कुणाला तरी दोन पेल्यांच्या तळाला खुणा करायला सांगावे आणि ओळखायचा प्रयत्न करावा. माझ्या मुलीने माझी अशी परीक्षा घेतली. तीनपैकी दोनदा मी चुकलो. तेव्हापासून नाक वर करून बोलण्याचे प्रमाण थोडे कमी झाले आहे.

बाटली उभी ठेवा. आडवी ठेवली तर तीव्र अल्कोहोल बूच खाते. उन्हापासून दूर ठेवा. बंद बाटलीत व्हिस्की आणखी मुरत नाही. पिंपातून निघाली त्या दिवशी तिचे वय थांबले. आणि उघडल्यावर फार दिवस रेंगाळू देऊ नका, विशेषतः तळाशी थोडी उरली असेल तर. वर हवा जास्त, आत व्हिस्की कमी, आणि वास उडून जातो.

जे सांगायलाच हवे

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे, की मद्याचे कुठलेही प्रमाण आरोग्याला पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही. हे ऐकून मगच ठरवावे. जास्त तीव्रतेचा हिशोबही लक्षात घ्या. आपल्या नेहमीच्या ६० मिलिलिटरच्या पेगात सुमारे २६ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असते. ५० टक्क्यांच्या बर्बनमध्ये ते ३० होते. पेला तेवढाच दिसतो, आत जाते जास्त. घेतल्यावर गाडीला हात लावायचा नाही. महाराष्ट्रात मद्यासाठी परवाना लागतो आणि व्हिस्कीसाठी वयाची अट पंचवीस वर्षांची आहे, हेही विसरू नये.

आता त्या चार बोटांचे सांगतो. पहिल्या बाटलीतली ती शिल्लक मी खास प्रसंगासाठी ठेवली होती. आधी म्हटले अण्णांच्या पंचाहत्तरीला काढू. पण त्या वर्षी अण्णांच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या आणि डॉक्टरांनी सक्त मनाई केली. अण्णांनी त्याच दिवशी सोडली. त्यानंतर एकदा मी एकट्यानेच ते बूच काढले. आत गुळाचा पाक नव्हता, दालचिनी नव्हती. नुसते लाकडाचे पाणी. आम्ही दोघांनी मिळून ती कधीच संपवायला हवी होती.

मागच्या दिवाळीत जावई आला होता. येताना त्याने एक बाटली आणली, आणखी वेगळ्या पिंपाची. अण्णा आले, तेव्हा त्यांना लिंबू सरबत दिले आणि माझ्या पेल्यात थोडी ओतली. अण्णा म्हणाले, ''इकडे दे बघू.'' पेला नाकाशी धरून डोळे मिटून बसले. आतून त्यांच्या सौभाग्यवतींची हाक आली, ''अहो, काय चाललंय?'' अण्णांनी पेला माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, ''ही ती नव्हे. पण तिची बहीण शोभते.'' आणि सरबताचा घोट घेतला.